सात वर्षं रिकामी

त्या उन्हाळ्यात 'चान्स' हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले होते. जो भेटेल तो माझ्या ॲडमिशनचा चान्स सांगत सुटायचा. शेजारीण म्हणे, "लग्न झालेल्या बाईचा नंबर कुठी लागते वं?" कोपऱ्यावरचा शिंपी, जो स्वतः चौथीच्या पुढं गेला नव्हता, तो टेप गळ्यात अडकवून म्हणे, "वहिनी, बी.ए.चा चान्स आता फिप्टी-फिप्टी आहे." नवरा काहीच म्हणत नसे. तो खापरखेड्याच्या वीजकेंद्रात लागला होता, पहाटेच्या बसनं जायचा, अंगावर राख घेऊन यायचा आणि जेवता जेवता पेंगायचा. त्याच्याकडून चान्स ऐकण्याइतकी शुद्ध मला संध्याकाळी उरतही नव्हती.

खरं सांगायचं तर मी थकले होते. लग्नाआधी प्री-युनिव्हर्सिटी सेकंड क्लासमध्ये पास झाले होते, एवढंच माझ्या नावावर. मग जुन्या नागपुरातल्या या विणकरांच्या घरात आले. सासरे आधीच गेलेले. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग, आणि त्या खड्ड्यात पाय सोडून सासूबाई बसलेल्या, सकाळपासून दिवा लागेपर्यंत. त्या लुगडी विणायच्या आणि मी त्यांच्यासाठी सूत गुंडाळून कांड्या भरायची. कांडी संपली की माग थांबतो, आणि माग थांबला की त्यांचं तोंड सुरू होतं, त्यामुळे कांडी संपू द्यायची नाही हे मी पहिल्या महिन्यातच शिकले. मधे मुलगी झाली. मधे सासूबाईंचा पाय मोडला, तेव्हा कितीतरी महिने त्यांना मोरीवर मीच न्यायची आणि मीच आणायची. एवढं करून संध्याकाळी भाकरी थापायला बसले की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "दिवसभर करते काय वं तू?"

मी उत्तर देत नसे. सुरुवातीला धाकानं, नंतर कंटाळ्यानं.

घरी बसून परीक्षा देता आली असती, तसा अभ्यास करूनही पाहिला. पण आमच्या घरात मी पुस्तक उघडलं की कोणीतरी हाक मारायचंच. एकदा तर मांजरानं दूध सांडलं तेसुद्धा माझ्या पुस्तकामुळे सांडलं असं ठरलं. मला सकाळचं कॉलेज पाहिजे होतं. रोज सकाळचे काही तास, जिथं मला कोणी हाक मारणार नाही. आणि बी.ए. झाले तर पुढं शाळेत नोकरी. सासूबाईंनी एका रात्री जेवताना निकाल दिला होता, "या वर्सी नंबर लागला तं जाय. नाही लागला तं पुन्हा कॉलेजचं नाव काढू नको माह्यापुढं." त्या बोलल्या की बोलल्या. म्हणजे माझ्याकडे तेवढंच एक वर्ष होतं.

कॉलेजच्या खिडकीशी मी गेले तेव्हा उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. क्लार्कनं माझी मार्कशीट पाहिली आणि म्हणाला, "मार्क ठीक आहेत. चान्स आहे तुमचा." मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. मग त्यानं कॉलेज सोडल्याचा दाखला उलटापालटा करून पाहिला.

"बाई, हे तर सात वर्षांपूर्वीचं आहे. मधे काय केलं?"

"लग्न."

"ते झालं. पण युनिव्हर्सिटी गॅप विचारते. मधल्या वर्षांचं अफिडेव्हिट लागेल. उद्या चार वाजेपर्यंत आणा, परवा यादी लागते. कागद आला तर तुमचा नंबर लागला समजा. नाही आला तर मी काही करू शकत नाही."

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई माग थांबवून म्हणाल्या, "ग्याप म्हंजे का?"

"मधली फट, आई. शिक्षणात मधे फट पडली ना माझ्या."

"फट लुगड्यात पडते," त्या म्हणाल्या. "धागा सुटला की. मानसात कशी पडन?"

ओळख द्यायला घरचं कोणी मोठं माणूस सोबत असलेलं बरं, असं क्लार्कनं सांगितलं होतं. नवऱ्याची पहिली पाळी. म्हणून दुसऱ्या दिवशी सासूबाईच निघाल्या. स्वतः विणलेलं निळं लुगडं नेसल्या, लाल काठाचं, जे त्या फक्त लग्नाकार्याला नेसायच्या. सायकलरिक्षात माझ्या शेजारी अशा ताठ बसल्या होत्या की जणू कोर्टाला हा मान आपणच देतो आहोत. मोडलेला पाय त्यांनी पुढं सरळ काढून ठेवला होता, त्यामुळे मी सगळा रस्ता अंग चोरून बसले.

सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली अर्ज लिहून देणारे टाइपरायटर मांडून बसत. आम्ही ज्याच्यापुढं बसलो त्याच्याकडे मजकूर तयारच होता, त्याला फक्त नाव आणि साल घालायचं असायचं. नाव विचारलं, गाव विचारलं, खडखड टाइप केलं. मग सासूबाईंना वाचता येत नाही म्हणून त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. इतका वेळ त्याच्या कामात काही खोट नव्हती. मी मनातल्या मनात चार वाजेपर्यंत कॉलेजात पोचले होते.

"...सदर कालावधीत मी कोणतेही शिक्षण घेतले नाही. तसेच कोठेही नोकरी वा कामधंदा केला नाही. सदर काळात मी घरी रिकामी होते..."

"थांब गा," सासूबाई म्हणाल्या. "काय म्हनलं? रिकामी?"

"हो माय. घरीच होती ना ही?"

"घरी होती. रिकामी कुठी होती?"

"अव माय, लिहायची पद्धत राहते ते."

"तुही पद्धत राहू दे तुह्यापाशी! सात वर्सं या पोरीनं माह्या कांड्या भरल्या. तिनं कांड्या भरल्या म्हनून मी लुगडी इनली. माहा पाय मोडला तं मले मोरीवर कोनं नेलं? तू आलता का न्यायले? घरात पानी कोनं भरलं? पोरगी कोनं वाढवली? रिकामी म्हने! लिहिनाऱ्याचे हात झडतीन!"

आजूबाजूचे टाइपरायटर थांबले. एक काळा कोट चहाचा कप हातात धरून उभा राहिला. आणि मी? मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? सात वर्षं मी यातलं एक वाक्य ऐकायला तरसले होते. अर्धं वाक्यही चाललं असतं. पण बाप्पा, मला असा राग आला, असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हे घरी सांगता येत नव्हतं? भाकरी थापताना, कांड्या भरताना, एखाद्या संध्याकाळी? आजच आठवलं, इथं, चार वाजायच्या आत?

अर्जवाला भला माणूस होता. त्यानं समजावलं, "माय, काम केलं असं लिहिलं तं कॉलेजवाले विचारतीन, कुठं केलं? सर्टिफिकेट दाखवा म्हनतीन. मंग कुठून आनसान?"

"मी देतो नं सर्टिफिकेट," सासूबाई म्हणाल्या.

लोक हसले. मीसुद्धा हसले असते, दुसऱ्या कोणाची सासू असती तर.

"अंगठा लावा माय इथं. ओळख दिली म्हनून."

सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "खोट्यावर माहा अंगठा नाही लागत."

"आई," मी म्हटलं, "लावा ना. जाऊ द्या ना. माहा नंबर जाईन."

"जाऊ दे गेला तं."

तिथं माझा तोल सुटला. सात वर्षांत मी त्यांना वर मान करून बोलले नव्हते, आणि बोलले ते चारचौघांत, कडुनिंबाखाली. "तुमीच तं रोज इचारता, दिवसभर करते काय म्हनून! रोज! मंग आज काहून पुळका आला? ह्यानं काय वेगळं लिहिलं? तुमी म्हनता तेच तं लिहिलं!"

त्यांनी मोडक्या पायावरचं लुगडं सारखं केलं. मग म्हणाल्या, "ते घरातलं बोलनं होय. हे कोर्टाचं होय."

अर्जवाल्यानं कागद मशीनमधून काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. उन्हानं त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"तुले बी.ए. व्हायचं हाय का रिकामी व्हायचं हाय?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही एकाच कागदावर आहे, आई."

त्यांनी पदराखालून हात काढला आणि अंगठा पुढं केला. शाई पुसायला अर्जवाल्यानं चिंधी दिली, ती त्यांनी घेतली नाही. त्या चांगल्या लुगड्याच्या काठालाच त्यांनी अंगठा पुसला. आत मॅजिस्ट्रेट साहेबानं मला विचारलं, "हे सगळं खरं आहे?" मी "हो" म्हटलं. साहेबानं वर न पाहता सही केली. दारात उभ्या असलेल्या सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "हो बाप्पा, लय खरं!" तेव्हा मात्र त्यानं वर पाहिलं.

कॉलेजच्या क्लार्कनं कागद वाचला. "सात वर्षं घरीच? मजा आहे बाई तुमची," तो म्हणाला आणि टाचणी लावली. दुसऱ्या दिवशी यादीत माझं नाव होतं. लोक यादीपुढं उड्या मारत होते, एक मुलगी आईच्या गळ्यात पडून रडत होती. मला फक्त त्या बोर्डाखाली जरा आडवं व्हावं असं वाटत होतं. नंबर लागला होता आणि मला झोप येत होती.

त्या दिवसापासून सासूबाईंनी माझं नाव घेणं टाकलं. मी 'रिकामी' झाले. पहाटे मी डोक्याला तेल लावत असले की मागाच्या खड्ड्यातून आवाज यायचा, "ए रिकामे, उशीर होईन तुले, जाय!" कॉलेजातून आले की, "आली का रिकामी? डाळ झाकून ठेवली हाय." शेजारणी हसायच्या, त्यांना वाटायचं सासू टोमणे मारते. मारतही असेल, मला नक्की सांगता येणार नाही. पण दिवसभर करते काय, हा प्रश्न मात्र त्यांनी मला पुन्हा विचारला नाही. कांड्या त्या स्वतः भरायला लागल्या होत्या, त्यामुळे दिवसाकाठी त्यांचं विणणं निम्म्यावर आलं होतं. तेही त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी बी.ए. झाले, मग बी.एड. झाले, शाळेत लागले. ते शपथपत्र विद्यापीठाच्या कुठल्यातरी कपाटात अजून असेल, त्यांच्या अंगठ्यासकट.

पुढं यंत्रमागाचं कापड आलं तसं त्यांचं लुगडं कोणी घेईना. मागाचा खड्डा मातीनं भरून आम्ही वर फरशी घातली. तिथं माझ्या मुलीचं टेबल आलं. त्यानंतर काही वर्षांनी सासूबाईंना दम लागायला लागला. एके दिवशी धड बोलताही येईना, तेव्हा त्यांना रामदासपेठेतल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मी शाळेतून तशीच धावत आले होते, हाताला खडू होता. काउंटरपुढं ही लांब रांग. चाकाच्या खुर्चीत सासूबाई, मागं नवरा, आणि मी कागद धरून उभी. काउंटरमागची मुलगी म्हणाली की एकच खाट रिकामी आहे, फॉर्मची माहिती लवकर सांगा, नाहीतर मागच्यांना देते.

"पेशंटचं वय?" तिनं विचारलं. नवऱ्यानं सांगितलं. "व्यवसाय?"

"काही नाही," नवरा म्हणाला. "घरीच असते."

तिनं तसं लिहिलं.

"थांबा," मी म्हटलं. "ते खोडा. विणकर लिहा."

"आता विणतात का?"

"आता नाही. पण सगळं आयुष्य..."

"मग काहीच नाही ना मॅडम. मागं लाइन आहे."

"काहीच नाही कसं?" माझा वर्गातला आवाज लागला. सगळी रांग माझ्याकडे पाहायला लागली. "तुम्ही खोडता की मी खोडू? या बाईनं..."

कोणीतरी माझा पदर ओढला. सासूबाई होत्या. एक एक शब्द त्या श्वास घेऊन घेऊन बोलत होत्या.

"जाऊ दे वं, रिकामे," त्या म्हणाल्या. "माहा नंबर जाईन."

काउंटरवरच्या मुलीनं शाईचा पॅड पुढं सरकवला. त्यांनी अंगठा लावला. पुसायला मी माझा पदर दिला.