रुपयातून रुपयात जाताना

"तिकडचा बोधिवृक्ष बघायचाय. तू चल सोबत. खर्च माझा," आई म्हणाली. सरकारी रुग्णालयात आयाची नोकरी करून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली माझी आई एकदाही देशाबाहेर गेली नव्हती. आता तिला श्रीलंकेला जायचं होतं, अनुराधपूरला.

मी एपीएमसी मार्केटमध्ये मसाल्याच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये कोण काय ठेवून घेतं, हे शोधायची मला सवयच लागलेली. त्यामुळे विमानाची तिकिटं निघाल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो हाच: आपल्या रुपयाचा त्यांचा रुपया होताना मध्ये कोण कोण बसलेलं असतं?

सीवूड्सला आमच्या बँकेत गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, फॉरेक्स कार्ड घ्या. इथेच पैसे भरायचे, तिकडे नुसतं स्वाइप करायचं. काही टेन्शन नाही."

"त्यात श्रीलंकेचे रुपये भरता येतात?"

"नाही, डॉलर भरा ना."

"म्हणजे माझ्या रुपयांचे आधी डॉलर, मग त्या डॉलरचे त्यांचे रुपये. दोन्ही वेळा कापणार?"

ती उठली. आत कोणाला तरी विचारून आली. "हो, दोन्ही वेळा कापतात. खरं सांगू? मला हे आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं." आम्ही दोघीही हसलो.

आमचं रोजचं डेबिट कार्ड चाललं असतं, पण परदेशात ते प्रत्येक खरेदीवर शेकडा तीन-साडेतीन जादा घेत होतं. मग पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी वेगवेगळ्या बँकांची बारीक अक्षरातली पानं वाचायला लागले. आईला वाटलं, मी परीक्षेला बसतेय. शेवटी एका बँकेचं डेबिट कार्ड सापडलं, ज्यावर परदेशातल्या खरेदीला वेगळा आकार नव्हता.

"खर्च माझा, तर कार्डही माझ्या नावाचं," आई म्हणाली. खातं तिच्या नावाने उघडलं. कार्ड आल्यावर कळलं, परदेशातला वापर ॲपमध्ये मुद्दाम चालू करावा लागतो. ते बटण आईनेच दाबलं. पिन टाकताना मला तोंड फिरवायला लावलं.

कोलंबोत पहिल्याच दिवशी हॉटेलात चहा घेतला. वेटरने मशीन पुढे केलं. पडद्यावर प्रश्न होता: भारतीय रुपये की श्रीलंकेचे? "इंडियन घ्या, तुम्हाला सोपं," तो इंग्रजीत म्हणाला. सोपं तर होतंच. आपल्या रुपयातला आकडा लगेच समोर दिसत होता. पण त्याचे रुपये आमचे करून द्यायला हे मशीन काय घेतं? मला राहवेना. पहिल्या चहाचे पैसे भारतीय रुपयांत दिले आणि तेवढ्याच किमतीचा आणखी एक मागवला.

"दोनदा चहा कशाला?" आई वैतागली.

दुसऱ्या चहाचे पैसे श्रीलंकेच्या रुपयांत दिले. आईच्या फोनवर बँकेचे दोन मेसेज आले. तोच चहा, तोच कप, पण पहिला महाग पडला होता. मी आईला दोन्ही मेसेज दाखवले. तिने चष्मा वर करून ते नीट वाचले आणि म्हणाली, "म्हणजे त्यांनी विचारलं तर त्यांचेच म्हणायचं. एवढंच ना?" माझे पंधरा दिवस तिने एका वाक्यात उरकले.

अनुराधपूरला मात्र कार्डाचं काही चाललं नाही. निळ्या कमळांची फुलं विकणाऱ्या बाईला रोखच हवी होती. जवळच्या एटीएमने पैसे देण्याआधी स्वतःचा आकार दाखवला. तो आमच्या बँकेचा नव्हता, तिथल्या बँकेचा होता, म्हणजे आमचं कार्ड त्यात काहीच करू शकणार नव्हतं. "दुसरं मशीन बघूया का? कदाचित तिथे नसेल," मी म्हणाले.

"फुलं सुकतील तोवर," असं म्हणत आईने बटण दाबलं.

वृक्षापाशी चपला काढून आम्ही आत गेलो. विहारात नेसते तशी पांढरी साडी आईने नेसली होती, आणि आत बघते तर सगळ्याच बाया पांढऱ्या कपड्यांत. आई बावरली. त्यांचं बोलणं तिला कळेना, तिचं त्यांना. एका म्हातारीने सरकून तिला जागा दिली. थोड्या वेळाने त्या सगळ्यांनी हात जोडून म्हणायला सुरुवात केली आणि आई चमकली. ते त्रिशरण होतं, आम्ही विहारात म्हणतो तीच वंदना. चाल वेगळी, पण शब्द तेच, पालीतले. आईने आपला आवाज त्यांच्यात मिसळला. आधी हळू, मग स्पष्ट.

मी मागे उभी राहून ऐकत होते. म्हणून झाल्यावर त्या म्हातारीने आईचा हात हातात घेतला आणि काहीतरी विचारलं. "नवी मुंबई," आईने अंदाजाने उत्तर दिलं आणि आपल्याजवळची निम्मी फुलं तिच्या ओंजळीत ठेवली.