कुलूपबंद रिपोर्ट

माझी सून लॅबमधून पेशंटचे रिपोर्ट मेलने पाठवते. प्रत्येक मेल एन्क्रिप्ट करते, म्हणजे कुलूपबंद. पासवर्ड फक्त पेशंटलाच फोनवर सांगते. धाकट्या जावेच्या गाठीचा रिपोर्ट गेला, तेव्हा दीर तणतणत आमच्याकडे आले.

"घरच्या कॉम्प्युटरवर मेल आलाय, पण उघडत नाही. पासवर्ड सांग!"

"काकूंना सांगितलाय, काका."

"अगं, मी नवरा आहे तिचा!"

"मग त्यांनाच विचारा ना."

मीही खडा टाकून पाहिला. सून नुसती हसली.

संध्याकाळी जाऊ आली. गाठ कॅन्सरची निघाली होती.

"आधी एकटीनं पोटभर रडून घेतलं, मग यांना सांगितलं," ती म्हणाली. "यांनी आधी वाचलं असतं, तर माझं रडणं राहून गेलं असतं आणि मी यांनाच सावरत बसले असते."

आत सून ताटं घेत होती. मला तिचा फार अभिमान वाटला.