शालूबाईच्या वाट्याचं खोटं

सयाजीच्या तोंडून खोटं निघत नसे, म्हणून दोघांच्या वाट्याचं सगळं त्याच्या बायकोला, शालूबाईलाच बोलावं लागे. तो पलटणीत होता तोवर तिला आपल्यापुरतंच बोलून भागत होतं. एकाहत्तरची लढाई झाली, पुढच्या सालात गडी पेन्शन घेऊन उंब्रजजवळच्या आपल्या गावी आला आणि तिचं काम वाढलं.

शेजारच्या बनुबाईनं नवा नातू दाखवायला आणला. सयाजीनं पोराला नीट निरखलं आणि सांगितलं, "माकडागत हाय."

बनुबाईचं तोंड उतरायच्या आत शालूबाई म्हणाली, "मारुतीचा अवतार म्हणायचंय त्यांस्नी. पलटणीत ऱ्हाऊन बोलणं इसरल्यात."

बनुबाई खूश होऊन गेली. त्या पोराला गाव अजून मारुतीच म्हणतं.

असलं निभावून जाई. पण लेकीची, हरणाची, दोन स्थळं मोडली ती बापाच्या खरेपणानंच. एका पाहुण्यानं सहज विचारलं, "पोरगी रागीट न्हाई न्हवं?" तर हा म्हणतो, "हाय की. आईवर गेलीया."

मग इस्लामपूरचं स्थळ आलं. पोरगा साखर कारखान्यात कामाला, घरचा ऊस, आणि हरणाच्याही मनात भरलेला. हे गेलं तर पुढचं कधी येणार, या घोरानं शालूबाईला चार दिवस घास गोड लागेना. तिनं नवऱ्याला बजावलं, "तुमी फकस्त 'या' आन 'बसा' म्हणायचं. बाकी मी बगते."

भर दुपारी पोराचा बाप आप्पासो आणि चुलता भाऊसो एस्टीनं आले. आत सगळा स्वयंपाक तयार. पाणी झालं आणि सयाजीनं विचारलं, "जेवणार का?"

"न्हाई न्हाई, आमी जेवूनच आलोय," आप्पासो म्हणाले.

आपल्याकडं पाहुण्यानं तीनदा नको म्हणायचं आणि घरधन्यानं चौथ्यांदा दंडाला धरून पाटावर बसवायचं, ही रीत. सयाजी म्हणाला, "बरं झालं," आणि काश्मीरच्या थंडीचं सांगत बसला.

आमटीचा वास ओसरीवर गेला. भाऊसो सारखे दाराकडं बघायला लागले. शालूबाईनं बांगड्या वाजवल्या, खोकली, शेवटी ताटलीच खाली सोडली.

"मांजर आलं वाटतं," सयाजी म्हणाला.

"आवं," ती दाराआडून बोलली, "आपला नवस हाय न्हवं, आल्या पाव्हण्याला उपाशी धाडायचं न्हाई म्हणून."

"कसला नवस? मला कवा बोल्लीस?" असं म्हणून सयाजी पाहुण्यांकडं वळला. "पर तुमी जेवलात कुठं एवढ्यात?"

"उंब्रजला. स्टँडावर."

"तिथली खानावळ तर आज बंद हाय. मी सकाळी तिकडनंच आलोय."

शालूबाईनं आत आमटीवर झाकण घातलं. पोराच्या बापाला आपल्याच दारात खोटा पाडला. तिसरं स्थळ गेलं.

पहिले हसले ते भाऊसो. "धरलं गड्या तुला. मी कवाधरनं म्हणतोय, भूक लागलीया."

आप्पासोंनी मान खाजवली. "खरं सांगायचं तर पहाटं च्या घेतलाय, तेवढाच."

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय?" सयाजी खरोखरच रागावून उठला आणि पानं मांडायला लागला.

चौथ्या भाकरीवर आप्पासो म्हणाले, "तुमास्नी एक इचारतो. पोरीत खोट काय हाय?"

शालूबाईची पळी हवेतच राहिली.

"रागीट हाय," सयाजी म्हणाला. "पर राग घटकाभर. मग सोताच येऊन बोलती." त्यानं आणखी विचार केला. "दुसरं काय न्हाई. असतं तर सांगितलं असतं."

"ते बघितलं आमी," आप्पासो म्हणाले. "मग ठरलं म्हणा."

"आता मी इचारतो. भात कसा झालाय? पोरीनं केलाय."

आप्पासोंनी भाताकडं बघितलं, मग दाराकडं, मग सयाजीच्या सरळ डोळ्यांकडं. बिचारा करतो काय.

"लगदा झालाय," ते म्हणाले.

"मग सासरी नेऊन त्यांनीच शिकवावा," आतून हरणा फणकारली.

"न्हाई, तिला तसं न्हाई म्हणायचं..." शालूबाईनं सवयीनं सुरुवात केली आणि ती थांबली. बाहेर तिघंही हसत होते. सावरायला काही राहिलंच नव्हतं. तिनं पदर नीट केला, बाहेर आली आणि आप्पासोंच्या पानात आणखी थोडा लगदा वाढला.