विहिरीतली घुंगरं

आमचे श्रीपतीकाका जन्माचे संशयी. त्र्याहत्तरच्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. सगळं जळकोट तिच्या भाकरी थापत होतं आणि काका ती नाकाशी धरून बसले होते. "फुकट कोण देतंय व्हय? मागनं येतील कायतरी मागायला," म्हणाले. आम्ही त्यांची भरपूर टिंगल केली.

मग खरंच एक गोरा साहेब जीप घेऊन दारात आला.

निमित्त घुंगरांचं. छप्पन साली बौद्ध झाल्यावर काकांच्या वडिलांनी गावकीच्या चाकरीत हाती धरायच्या काठीची घुंगरं तोडून वस्तीच्या विहिरीत टाकली होती. ती वाजली की गावाने ओळखायचं, हा आला, शिवून घेऊ नका. तो आवाज त्यांना पुन्हा ऐकायचा नव्हता. त्या दुष्काळात विहीर आटली आणि गाळ काढताना घुंगरं वर आली. साहेब विलायतेतल्या संग्रहालयासाठी जुन्या वस्तू गोळा करत तुळजापुरात उतरला होता. त्याच्या कानावर हे गेलं.

सोबतच्या पुण्याच्या दुभाष्याने काकांना फोटोसाठी अंगणात उभं केलं. चष्मा काढा. सदरा काढा. घोंगडी घ्या. गावकीच्या त्या काठीला आता अंगणात निळा झेंडा होता. तो सोडून घुंगरं बांधा म्हणाला. साहेब गोड हसत होता. मला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

काकांनी चष्म्याला हात लावला नाही. "फोटूखाली काय लिवणार?"

"गावचा चाकर, उस्मानाबाद जिल्हा," दुभाषा म्हणाला.

"कंच्या सालातला?"

"साल घालत नाहीत. परंपरा आहे ना तुमची."

"मंजी बाप चाकर, मीबी चाकर, आन नातूबी चाकरच? म्या सोसायटीत दूध मोजून घेतो, त्ये कुठं लिवणार?"

"ते सगळीकडेच असतं हो. ते बघायला कोण येणार?"

काकांनी घुंगरं उचलली आणि अंगणापलीकडच्या विहिरीत भिरकावली. पाणी नव्हतं. ती खडकावर अशी खणखणली की सगळ्या वस्तीने ऐकलं. काकांचा चेहरा उतरला. बापाने टाकली तेव्हा ती निमूट बुडाली होती.

दुभाषा वाकून पायऱ्या शोधू लागला, तसे काका वरच्या पायरीवर जाऊन बसले. जीप गेली तरी उठले नाहीत. पुढे रोज सोसायटीतून सुटले की ते तिथंच. काकू भाकरी घेऊन विहिरीवर जायची. पाणी चढून घुंगरं बुडेपर्यंत त्यांनी ती पायरी सोडली नाही.