सरळ केलेला 'म'

शेजारच्या सुमनताईंना स्वतःचं नाव लाकडात कापून हवं होतं, गेलेल्या यजमानांच्या अक्षरात. 'सुमन, चावी शेजारी ठेवली आहे,' अशी त्यांची जुनी चिठ्ठी ताईंनी माझ्या हातात दिली. निवृत्तीनंतर मला स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याच्या विजेच्या करवतीवर, लाकडात नक्षी कापायचा नाद लागलाय, म्हणून मी आनंदाने हो म्हटलं.

नाव गिरवताना 'म'चा दांडा मला वाकडा वाटला. रेषा साफ करून घ्यायची हाताला सवयच झाली आहे. मी तो सरळ केला आणि सागाच्या फळीतून नाव कापलं. फार देखणं झालं.

ताईंनी 'म'वरून बोट फिरवलं.

"सुबक आहे हो भाऊ. पण हे त्यांचं अक्षर नाही."

"चिठ्ठी असू द्या माझ्याकडे. पुन्हा कापतो."

"नको, राहू द्या," म्हणत त्यांनी चिठ्ठी मागून घेतली.

आपल्या माणसाची ओळख त्याच्या वाकडेपणातच असते, हे या वयात तरी मला कळायला हवं होतं. नाव त्यांनी भिंतीवर लावलंय. त्यांच्याकडे गेलो की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.