चंपाषष्ठीला केलेलं पॉपिंग

देवळ्याजवळच्या माझ्या सासुरवाडीत दगूभाऊ नावाचे एक शेतकरी आहेत आणि उन्हाळ कांद्याची लागण करण्याआधी ते मला विचारतात. मी नाशिकला राहतो, अंबडच्या एका कारखान्यात गिअरचे दात तपासतो, आणि कांद्यातलं मला काडीचंही कळत नाही. तरी फोन येतोच. "जावईबापू, लावू का थांबू?" याला कारण आमची मुक्ता. (मुक्ताच्या मते याला कारण मी. वाचकांनी ठरवावं.)

मुक्ता माझी मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि हिप हॉप करते. मार्गशीर्षात तिची आठ मुलींच्या संघात निवड झाली. स्पर्धा बंगळूरला, आणि नाव सोमवारपर्यंत कळवायचं. माझी काही ना नव्हती. पण माझी बायको विद्या म्हणाली, "आप्पा हो म्हणाले तर जाऊ दे." आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या घरात म्हैस घ्यायची असो की मुलगी द्यायची असो, शेवटचा शब्द आप्पांचा. त्यांना स्वतःला ठरवता आलं नाही, तर ते खंडोबाला फुलं लावून कौल घेतात. उजवीकडचं फूल पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही, विषय संपला. चंपाषष्ठी रविवारीच होती आणि आम्ही तळी भरायला तिकडे जाणारच होतो.

"पप्पा, तुम्ही बोलाल ना आप्पांशी?" मुक्ताचं तोंड एवढंसं झालं होतं. दोन वर्षं गुडघे सोलून घेत शिकलेली पोर ती.

"मी आहे ना," मी म्हणालो.

आता आप्पांना समजवायचं तर आधी मला समजायला हवं. मी कारखान्यातल्यासारखे तपासणीचे रकाने आखले आणि मुक्तासमोर बसलो.

"ब्रेकिंग म्हणजे?"

"जमिनीवरचं. हातावर, पाठीवर, डोक्यावर गिरक्या."

"लॉकिंग?"

"झपाझप हात हलवायचे आणि मध्येच कुलूप लागल्यासारखं थांबायचं."

"क्रम्प?"

"आतला सगळा राग बाहेर काढायचा. छाती, पाय, सगळं जोरात."

(हे विद्या रोज सकाळी पाणी गेल्यावर करते, पण मी ते रकान्यात लिहिलं नाही.)

हाऊस म्हणजे पायांची चपळाई, हेही लिहिलं. राहिलं पॉपिंग. त्यात म्हणे स्नायू ठोक्यावर आवळायचा आणि लगेच सोडायचा, म्हणजे अंगाला झटका बसतो. खांदा, कोपर, मनगट, मान. मला हे फार आवडलं, कारण यात जागचं हलावं लागत नाही. तीन दिवस मी कारखान्यात यंत्रामागे सराव केला. सुपरवायझरने मला दोनदा विचारलं, "साहेब, शॉक लागतोय का?"

रविवारी दुपारी सासुरवाडीला पोचलो. अंगणात मांडव, भरीत-रोडग्याचा नैवेद्य, कोपऱ्यात वाघ्ये मंडळी संबळाच्या दोऱ्या ताणत बसलेली. आप्पा ओट्यावर एकटे दिसले. मी विषय काढला.

"न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतली पोरं रस्त्यावर नाचायची, आप्पा. तिथून हे सुरू झालं."

"मंग आपली पोरगी चांगल्या घरात हाय की. ती कशापायी रस्त्यावर जाईल?"

मी घाईने ब्रेकिंगकडे वळलो. "यात डोकं जमिनीला टेकवून गरागरा फिरतात."

"कशापायी?"

हा रकाना मी आखलाच नव्हता. आप्पा पंचा झटकून उठू लागले. "ऱ्हाऊ द्या जावईबापू. तळी झाली की देवाला फुलं लावतो. तो म्हनंल ते खरं."

डावं फूल पडलं तर पोरीचं काय? "आप्पा, हे बोलून कळायचं नाही, दाखवतोच," असं म्हणून मी अंगणात उतरलो, चष्मा काढून पुसला, खिशात ठेवला आणि पॉपिंगला सुरुवात केली.

नेमक्या त्याच क्षणी वाघ्याने संबळावर पहिली काठी टाकली.

इथे एक कबुली द्यायला हवी. मोबाईलच्या गाण्यावर मला तीन दिवसांत एकही ठोका सापडला नव्हता. संबळावर सगळे सापडले! खांदा बसला, कोपर बसलं, मान तर अशी बसली की मला भरून आलं. आनंदाने मी डोळे मिटले. ती माझी चूक.

"अगं बया," आप्पांची थोरली बहीण जिजी ओरडली, "जावईना अंगमा देव उना!" म्हणजे माझ्या अंगात देव आला, असं तिचं म्हणणं.

डोळे उघडतो तो चारी बाजूंनी माणसं हात जोडून उभी. मी म्हणायला गेलो की हे पॉपिंग आहे, पण तोंड उघडताच जिजीने त्यात मूठभर भंडारा कोंबला. मला ठसका लागला. ठसक्याने मी आणखी हललो, आणि मी जितका हललो तितका संबळवाला पेटला. आता खात्री न पटलेलं कोणी उरलं नव्हतं.

दगूभाऊ पुढे आले. "देवा, कांद्याची लागण आठ दिवसांत करू का?"

मी हात वर करून सगळ्यांना थांबायची खूण केली. दगूभाऊंनी नमस्कार केला आणि लागण थांबवली. (पुढच्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला. ज्यांनी घाई केली त्यांची रोपं कुजली, दगूभाऊंची वाचली, आणि माझ्यामागे फोन लागले.)

मग आप्पा आले. संबळ थांबलं. त्यांनी हात जोडले. "देवा, फुलं लावनारच व्हतो. आता तूच आलाय तं इचारतो. नात परमुलखात नाचाया जाते म्हनती. धाडू का?"

समोर मुक्ता नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द हळदीसकट माझ्या तोंडात होता.

"धाड," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही, म्हणून पुढे जोडलं, "पण सोमवारच्या आत कळव."

मुक्ताने ताट खाली ठेवलं. "आप्पा, देव नाही आलाय. पप्पा पॉपिंग करतायत. आणि तेही चुकीचं."

विद्याने पदर तोंडाला लावला. जिजीच्या हातातला भंडारा हातातच राहिला.

"मला जायचंय, आप्पा. खूप जायचंय," मुक्ता म्हणाली, "पण देवाच्या नावावर खोटं बोलून नाही."

आप्पा शांतपणे माझ्याकडे वळले. "जावईबापू, देव यायच्या आधी कोन चष्मा पुसून खिशात ठेवतं? मी बघत व्हतो, कुठवर जाता ते." मग ते नातीला म्हणाले, "बरोबर कसं असतंय ते दाव."

मुक्ताने ओढणी कमरेला बांधली आणि वाघ्याला मान हलवून इशारा केला. संबळ सुरू झालं. मनगटातून निघालेला झटका तिच्या खांद्यातून, मानेतून सळसळत दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत गेला. मग लॉकिंग. संबळ थांबलं त्या ठोक्याला ती थांबली, आणि अंगणही थांबलं. वाघ्या हसला आणि त्याने मुद्दाम वेग वाढवला. तिचा एकही ठोका सुटला नाही. शेवटी तिने मांडवातल्या सतरंजीवर पाठ टेकवून अशी गिरकी घेतली की जिजी बोटं मोडत म्हणाली, "माय वं, दृष्ट काढा पोरीची."

आप्पांनी देवापुढची फुलं उचलली आणि एक मुक्ताच्या हातात दिलं. "खोटं बोलून मिळत व्हतं तरी घेतलं नाय. या पोरीला धाडायला कौल कशाला लागतोय?"

मुक्ता बंगळूरला गेली. निघताना निरोपाला आलेल्या आजोबांच्या पाया पडली, आजीच्या पडली, वाघ्याला फोन केला. मला मात्र दारात थांबवून म्हणाली, "पप्पा, डावा खांदा उशिरा येतो तुमचा. मी येईपर्यंत बघा."

माझं घरात काही चालत नाही, अशी तक्रार मी पूर्वी करायचो. आता करत नाही. मी देव झालो होतो तेव्हाही चाललं नव्हतं.