सरळ रेघेत मोजलेला रस्ता

दादाचा पळायचा रस्ता मीच मोजला होता. मोबाईलच्या नकाशात अंतर मोजायच्या पट्टीचं एक टोक आमच्या दारावर ठेवलं, दुसरं सरकवत नेलं, आणि सोळाशे मीटर भरले तिथे, एसटीच्या थांब्यावर, खूण केली. सैन्यभरतीला तेवढं साडेपाच मिनिटांत पळावं लागतं. मेढ्याच्या वर डोंगरात आमचं गाव. मैदान नाहीच, पोरं रस्त्यावर सराव करतात.

दादा साडेसहा मिनिटांच्या आत कधी आला नाही. मोबाईलवर वेळ लावून मी उभी, आणि तोंड माझं फटकळ. "तुझ्यापेक्षा आजी लवकर येईल," म्हणायचे. गेल्या वर्षी लेखी पास होऊनही तो मैदानी चाचणीला गेला नाही. म्हणाला, हसं कशाला करून घ्यायचं? यंदा वयात बसणारी शेवटची भरती. चाचणी उद्यावर आली, आणि सकाळीच त्याने आईला सांगितलं, "न्हाई जात मी."

त्या दिवशी नववीच्या वर्गात सरांनी फळ्यावर दोन गावं काढली. मधे वाकडातिकडा रस्ता, आणि एक सरळ रेघ. रेघ म्हणजे विस्थापन. त्याला वेळेने भागलं की सरासरी वेग. पण चाल काढायची तर पायाखाली गेलेला सगळा रस्ता धरायचा.

मी रेघ मोजली होती, आणि दादा सगळी वळणं पळत होता.

शाळा सुटताच धावत घर गाठलं. दादाला सांगितलं, तर म्हणाला, "माझी समजूत घालतीस व्हय?" हट्टाने त्याला मोटारसायकल काढायला लावली. थांब्यावर मीटर बघितलं. दोन किलोमीटरला थोडंसंच कमी. गाडी वळवून त्याने परत एकदा मोजलं, आणि घरी येऊन पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साताऱ्याहून त्याचा फोन आला. पळण्यात पास झाला होता, तेही वेळ राखून. आई रडायलाच लागली. मग त्याने फोन मला द्यायला सांगितला.

"मग गेल्या साली बी पळण्यात निघालो असतो की गं?"

रागावला असता तर मी भांडले असते. तो नुसतं विचारत होता.

"व्हय दादा," मी म्हणाले, "निघाला असतास."